भगिनी निवेदितांचे माहेर

नवी सून उंबरठा ओलांडून आत आली की आळीतल्या बायका तिला पहिला प्रश्न विचारतात, तो असा, की बाई, तुझे माहेर कुठले? गाव कोणते, वडील काय करतात, भावंडे किती, एवढे कळल्यावाचून तिची नीट ओळख पटली असे आपल्याकडे कोणी मानीत नाही. भगिनी निवेदिता भारताच्या घरात आल्या त्याला सव्वाशे वर्षे होऊन गेली. त्यांच्या सासरची हकिकत, म्हणजे बागबाजारातील शाळा, प्लेगमधील सेवा, विवेकानंदांची शिष्या म्हणून केलेले लेखन, ही मराठी वाचकाला थोडीबहुत ठाऊक आहे. माहेरची चौकशी मात्र आपण केलीच नाही. "त्या आयरिश होत्या, बंडखोर रक्त अंगात होते, म्हणून त्या आपल्या बाजूने उभ्या राहिल्या," एवढ्या एका वाक्यात आपण ते प्रकरण मिटवून टाकतो. हे वाक्य ऐकायला गोड आहे, पण मला ते पटत नाही. आणि का पटत नाही हेच आज आपणांपुढे मांडावयाचे आहे.

वर्ध्याच्या व्यासपीठावरून हा विषय घेण्यास एक कारणही आहे. 1902 साली, विवेकानंदांच्या निधनानंतर थोड्याच महिन्यांनी, निवेदिता मुंबई इलाखा, वऱ्हाड आणि मध्यप्रांत या बाजूला व्याख्यानांच्या दौऱ्यावर आल्या होत्या. मुंबईहून त्या नागपुरास आल्या, तेथून वर्धा, अमरावती करीत पुढे बडोद्यास गेल्या. आपले गाव त्या वेळी उणेपुरे छत्तीस वर्षांचे होते. जिल्हा नागपुरापासून वेगळा काढला तो 1862 साली. आधी कचेरी पुलगावजवळच्या कवठ्याला होती, आणि मग 1866 साली पालकवाडी नावाच्या खेड्याच्या जागेवर रुंद, सरळ रस्त्यांचे हे नवे शहर आखले गेले. पुढच्याच वर्षी, 1867 मध्ये, आगगाडी नागपूरपर्यंत पोचली. त्याच 1867 च्या ऑक्टोबरची 28 तारीख ही मार्गारेट एलिझाबेथ नोबल हिची जन्मतारीख. म्हणजे वर्धा शहर, नागपूरची रेल्वे आणि ही मुलगी अशी तिन्ही एकाच वयाची! यात गूढ अर्थ शोधण्याचे काही कारण नाही. पण साहेबाने आखलेल्या वसाहतीच्या गावात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना तिचे गाव समजणे सोपे जावे, एवढा त्याचा उपयोग निश्चित आहे. कारण तेही तसेच वसवलेले गाव.

त्या गावाचे नाव डंगॅनन. आयर्लंडच्या उत्तरेस अल्स्टर नावाचा प्रांत आहे, त्यातील टिरोन परगण्यात टेकडीवर वसलेले हे बाजाराचे गाव. गावात दोन रस्ते आहेत: एकाचे नाव आयरिश स्ट्रीट, दुसऱ्याचे स्कॉच स्ट्रीट. एका रस्त्याला मूळच्या लोकांचे नाव, दुसऱ्याला बाहेरून आलेल्यांचे. आपल्याकडे सिव्हिल लाइन्स आणि गाव असे दोन भाग पडले, तसेच हे. मार्गारेट नोबल जन्मली ती स्कॉच स्ट्रीटवर. आज त्या घराच्या जागी तिच्या स्मरणार्थ निळी पाटी लावलेली आहे.

हे स्कॉच लोक तेथे कसे आले, ते थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण सगळी गोम तेथेच आहे. डंगॅनन ही ओनील घराण्याची राजधानी. त्या घराण्यातील ह्यू ओनील याने इंग्लंडच्या राणी एलिझाबेथविरुद्ध नऊ वर्षे युद्ध चालवले. अखेरीस इंग्रजी फौज गावाच्या वेशीशी आली तेव्हा, 1602 साली, त्याने आपला डंगॅननचा किल्ला स्वतःच्या हाताने पेटवून दिला. शत्रूच्या हाती पडण्यापेक्षा राख झालेला बरा, असा त्याचा विचार. पुढे तह झाला, पण तो टिकला नाही, आणि 1607 च्या सप्टेंबरात ओनील आपल्या सोबत्यांसह रॅथमलनच्या किनाऱ्यावरून गलबतात बसला तो परत आला नाही. 1616 साली तो रोममध्ये वारला. मागे राहिलेली जमीन सरकारजमा झाली. हजार, दीड हजार, दोन हजार एकरांचे तुकडे पाडून ती इंग्लंड-स्कॉटलंडमधून आणलेल्या प्रॉटेस्टंट लोकांना देण्यात आली. मोठ्या वाटेकऱ्यांना अट अशी की जमिनीवर आयरिश कुळे ठेवावयाची नाहीत. इतिहासात या व्यवहाराला अल्स्टरची 'लागवड' म्हणतात. माणसांची लागवड! शब्द किती निर्विकार आहे पाहा. डंगॅनन गाव मिळाले ते सर आर्थर चिचेस्टर या सुभेदाराला, आणि ओनीलच्या जळक्या किल्ल्याच्या पायथ्याशी नवी पेठ वसली.

नोबल कुटुंब मूळचे स्कॉटलंडचे, धर्माने प्रॉटेस्टंट. म्हणजे गावच्या हिशेबात ते वसाहतवाल्यांच्या बाजूचे. ज्याला आपण 'आयरिश बंडखोर रक्त' म्हणतो ते ओनीलच्या वंशजांचे, आयरिश स्ट्रीटवरच्या कॅथलिक कुळांचे. रक्ताचाच हिशेब मांडावयाचा तर मार्गारेटच्या अंगात ज्यांनी जमीन घेतली त्यांचे रक्त होते, ज्यांची गेली त्यांचे नव्हे. शिवाय आयरिश रक्ताने माणूस हिंदुस्थानचा मित्र होतो हे तरी कुठे खरे आहे? कंपनीच्या गोऱ्या पलटणींत आयरिश शिपायांचा भरणा फार मोठा होता. 1857 साली दिल्लीवर चालून गेलेला जॉन निकलसन अल्स्टरमधल्याच लिस्बर्न गावात वाढलेला. आणि जालियनवाला बागेच्या वेळी पंजाबचा लेफ्टनंट गव्हर्नर असलेला, डायरच्या कृत्याची पाठराखण करणारा मायकेल ओड्वायर हा तर टिपेररीचा अस्सल कॅथलिक आयरिश. उलट 1894 साली मद्रासच्या काँग्रेसचे अध्यक्ष झालेले आल्फ्रेड वेब हेही आयरिशच. रक्त काही सांगत नाही; घर सांगते. म्हणून आपण घरात जाऊ.

मार्गारेटचे आजोबा जॉन नोबल हे वेस्लियन पंथाचे धर्मोपदेशक होते. वेस्लियन म्हणजे सरकारी चर्चच्या बाहेरचे. त्या काळी आयर्लंडात सरकारमान्य चर्च एकच, आणि त्याच्या खर्चासाठी शेतकऱ्याकडून दशमांश पट्टी वसूल होत असे. मग तो शेतकरी कॅथलिक असो की आणखी कोणत्या पंथाचा असो. ज्या देवळात आपण पाऊल टाकीत नाही त्याच्या पुजाऱ्याचे पोट भरण्यासाठी घरची गाय जप्त व्हावी, असा हा प्रकार. 1830 नंतरच्या दशकात त्यावरून गावोगाव रक्तपात झाले. सरकारी चर्चचा हा मान अखेरीस 1869 च्या कायद्याने काढला गेला. मार्गारेट तेव्हा पाळण्यातून नुकतीच बाहेर पडलेली होती. वसाहतवाल्यांतच जन्मलेल्या पण सरकारी पंथाबाहेर राहिलेल्या घराला सत्तेची दुसरी बाजू दिसते, ती अशी. जॉन नोबल आयरिश स्वातंत्र्याच्या पक्षाचे होते. मार्गारेटची आई मेरी इसाबेल, माहेरची हॅमिल्टन. तिचे वडीलही आयर्लंडला स्वराज्य मिळावे अशा मताचे, त्या चळवळीत वावरणारे.

हे दोन म्हातारे काही जगावेगळे नव्हते. खुद्द डंगॅननमध्येच 1782 च्या फेब्रुवारीत अल्स्टरच्या प्रॉटेस्टंट स्वयंसेवक दलांचे प्रतिनिधी जमले होते आणि आयर्लंडचे कायदे करण्याचा अधिकार आयर्लंडच्याच पार्लमेंटला आहे, असा ठराव त्यांनी केला होता. त्याच बैठकीत कॅथलिक देशबांधवांवरील जाचक कायदे सैल होत असल्याबद्दल त्यांनी आनंदही व्यक्त केला. वुल्फ टोन प्रॉटेस्टंट, पार्नेल प्रॉटेस्टंट आणि वर जमीनदार. जे घेतले ते आपले नव्हे, येथे राहायचे तर येथल्यांच्या बरोबरीने राहायचे, अशी जाण असलेली एक बारीक पण न तुटलेली धार त्या वसाहतीतून वाहत होती. बारीक म्हणतो ते जाणूनबुजून. मोठी धार दुसरीकडे वाहत होती: 1912 साली स्वराज्याच्या विरोधात अल्स्टरमध्ये लाखो प्रॉटेस्टंटांनी प्रतिज्ञापत्रावर सह्या केल्या, 1921 मध्ये देशाची फाळणी झाली आणि डंगॅनन ब्रिटनकडेच राहिले, आजही आहे. नोबल-हॅमिल्टन घराण्यांच्या शेजाऱ्यांनी बहुतेक करून तोच पक्ष धरला. म्हणून या घराचा कल वाऱ्याबरोबर गेला असे म्हणता येत नाही.

आता प्रत्यक्ष संसाराकडे येऊ. वडील सॅम्युएल रिचमंड नोबल यांचा डंगॅननमध्ये कापडाचा धंदा होता. मार्गारेट तान्ही असतानाच त्यांनी तो मोडला, बायकोला घेऊन मँचेस्टर गाठले आणि धर्मोपदेशक होण्यासाठी शिकू लागले. तिशीच्या आतला माणूस, पदरात मूल, चालता धंदा. तो सोडून पोथ्या उघडायच्या, याला घरच्यांनी वेड म्हटले असते तर नवल नव्हते. मूल आजीजवळ राहिले. आजीचे नाव मार्गारेट एलिझाबेथ, नातीचेही तेच. मुलगी साधारण चार वर्षांची होईपर्यंत ही आजीच तिचे जग होती. पुढे आईवडिलांनी तिला इंग्लंडात नेले, तेव्हा आपल्याच आईवडिलांकडे ती पाहुण्यासारखी गेली असणार.

वडिलांना पहिले काम मिळाले ते ओल्डहॅममध्ये. हे नाव आपण सहज ओलांडून जाऊ नये. ओल्डहॅम म्हणजे लँकेशायरमधील सूतगिरण्यांचे गाव. अमेरिकेत 1861 ते 1865 यादवी युद्ध चालू असताना तेथला कापूस यायचा थांबला, गिरण्या बंद पडल्या, कामगारांवर उपासमारीची पाळी आली. आणि मग लँकेशायरच्या व्यापाऱ्यांचे डोळे वळले ते वऱ्हाडाच्या काळ्या जमिनीकडे. हिंगणघाटचा कापूस विलायतेच्या बाजारात नावाने ओळखला जाऊ लागला. आपल्या दारावरून गेलेली रेल्वे एवढ्या घाईने का टाकली गेली, याचे अर्धे उत्तर ओल्डहॅमसारख्या गावांत आहे. त्या गिरण्यांच्या चाळींतून सॅम्युएल नोबल फिरत होते, आणि वडिलांच्या गरिबांघरच्या फेऱ्यांत लहानगी मार्गारेट पुष्कळदा बरोबर असे. आपल्या कापसाच्या गाठी जेथे फुटत होत्या तेथे ही मुलगी दारिद्र्याची बाराखडी गिरवत होती.

नंतर हे कुटुंब दक्षिणेकडे डेव्हनमधील ग्रेट टॉरिंग्टन या लहानशा गावी गेले. सॅम्युएल यांचा पंथ काँग्रिगेशनल. म्हणजे वर बिशप नाही, गावची मंडळीच आपला कारभार पाहणार आणि तीच उपदेशकाच्या पोटापाण्याचे बघणार. पगार तुटपुंजा, काम अमाप. 1877 मध्ये, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी, ते वारले. मागे तरुण विधवा आणि तीन मुले: मार्गारेट, मे आणि धाकटा रिचमंड.

येथे घरातील दोन कथा सांगतात. एक अशी, की मार्गारेटच्या वेळी बाळंतपणाची धास्ती घेतलेल्या आईने, मूल सुखरूप जन्मले तर ते देवाला वाहीन, असा नवस केला होता. दुसरी अशी, की मरणापूर्वी वडिलांनी पत्नीला सांगून ठेवले, या मुलीला कधीतरी हाक येईल, तेव्हा तिला अडवू नकोस. थोरांच्या चरित्रांत अशा गोष्टी मागाहून उजळत जातात, हे इतिहासाच्या अभ्यासकाने विसरू नये. पण नवसाची गोष्ट ऐकून आपल्याकडच्या बायका हसणार नाहीत. खंडोबाला मुलगा-मुलगी वाहिल्याच्या कथा ज्या मुलखात सांगतात तेथे ती परकी वाटत नाही. आणि ती खरी असो वा रचलेली असो, त्या आईने पुढे जे केले ते तर खरेच आहे.

तिने काय केले? नवऱ्यामागे ती मुलांना घेऊन आयर्लंडला आपल्या वडिलांच्या, म्हणजे हॅमिल्टनांच्या आश्रयाला गेली. विधवेने पोरे घेऊन माहेरी यावे, हा देखावा आपणांस समजावून सांगण्याची गरज नाही. याच आजोळी मार्गारेटच्या कानावर आयर्लंडच्या स्वराज्याची भाषा पडली. मग ती आणि मे अशा दोघी बहिणींना इंग्लंडात हॅलिफॅक्स येथील काँग्रिगेशनल पंथाच्या वसतिगृहशाळेत धाडण्यात आले. शिस्त करडी, पण विद्या पक्की. 1884 मध्ये मार्गारेट शिक्षिका होऊन केझिकला रुजू झाली. पुढे रग्बी, रेक्समच्या खाणकामगारांची वस्ती, चेस्टर आणि विम्बल्डन अशा नोकऱ्या करीत तिने धाकट्या भावंडांचा आणि आईचा भार उचलला. रेक्समला एका तरुण इंजिनिअरशी तिचे लग्न ठरत होते. तो अकाली वारला. विम्बल्डनमध्ये तिने मुलांसाठी नव्या पद्धतीची स्वतःची शाळा काढली. थोडक्यात, सत्ताविसाव्या-अठ्ठाविसाव्या वर्षी ही मुलगी घरची कर्ती झाली होती. 1895 च्या नोव्हेंबरात लंडनमधील एका बैठकीत तिने विवेकानंदांना प्रथम ऐकले, तेव्हाची स्थिती ही. आणि 1898 च्या जानेवारीत ती कलकत्त्याच्या धक्क्यावर उतरली ती शाळा बहिणीच्या हवाली करून, आईचा निरोप घेऊन.

घरची कर्ती मुलगी सात समुद्रांपलीकडे, परधर्मातल्या संन्याशामागे निघाली, आणि आईने अडवले नाही. इतकेच नाही, 1899 मध्ये विवेकानंद इंग्लंडला गेले तेव्हा विम्बल्डनला नोबल कुटुंबात त्यांचे अगत्याने स्वागत झाले. निवेदितांचा त्याग मोठा खरा. पण मला राहून राहून या मेरी नोबलचे आश्चर्य वाटते. नवरा धर्मापायी गेला, मुलगीही धर्मापायी गेली, आणि ती बाई घर सावरीत राहिली. चरित्रकार तिला चार ओळींत आटोपतात.

आता रक्ताच्या सिद्धान्ताला खरा धक्का देणारी हकिकत. 1898 च्या मार्चात मार्गारेटला ब्रह्मचर्याची दीक्षा मिळाली, 'निवेदिता' हे नाव मिळाले. त्यानंतरच्या दिवसांत विवेकानंदांनी तिला विचारले, आता तू कोणत्या राष्ट्राची? उत्तर ऐकून ते चकितच झाले. कारण या नव्या शिष्येच्या मनात इंग्रजी निशाणाविषयी अशी भक्ती होती, की जशी आपल्याकडच्या बाईची देवघरातल्या देवावर असावी. ही आठवण खुद्द निवेदितांनीच लिहून ठेवलेली आहे. पाहा, आजोबा आयरिश स्वराज्याचे, आजोळ आयरिश स्वराज्याचे, आणि नात युनियन जॅकची भक्त! मग बंडखोर रक्त कुठे गेले होते? विवेकानंदांनाही ही निष्ठा एका दिवसात हलवता आली नाही.

ती हलली पुढील चार वर्षांत, आणि हळूहळू. बागबाजारच्या गल्लीत तिने मुलींची शाळा चालवली, 1899 च्या प्लेगात गटारे उपसली. जगदीशचंद्र बसूंसारख्या शास्त्रज्ञाला सरकारी खात्यात काय सोसावे लागते ते जवळून पाहिले. जमशेटजी टाटांच्या विज्ञानसंस्थेच्या योजनेसाठी विलायतेत खटपट करून पाहिली आणि सरकारचे थंड उत्तर अनुभवले. हिंदुस्थानच्या दारिद्र्याचा हिशेब मांडणारे रमेशचंद्र दत्त तिच्या निकटचे झाले. 1896-97 आणि 1899-1900 असे दोन दुष्काळ त्या सुमारास देशावरून गेले. दुसरा तो, ज्याला आपली म्हातारी माणसे 'छप्पनचा' म्हणत. आयर्लंडच्या घरातून आलेल्या बाईला दुष्काळ म्हणजे काय हे पुस्तकात वाचण्याची जरूर नव्हती. 1845 पासूनच्या बटाट्याच्या दुष्काळात तेथे सुमारे दहा लाख माणसे मेली आणि तितकीच देश सोडून गेली, आणि त्याच वर्षांत आयर्लंडच्या बंदरांतून धान्याची गलबते बाहेर जातच होती. तिच्या आईवडिलांचे बालपण त्या वर्षांतले. ही आठवण तिच्या घरात होतीच. पण ती जागी व्हायला हिंदुस्थान पाहावा लागला. माहेरची एखादी म्हण सासरी वीस वर्षांनी एकाएकी उमगावी, तसे काहीसे झाले असावे.

1902 च्या 4 जुलैस विवेकानंद गेले. राजकारणापासून मठाने दूर राहावयाचे, आणि निवेदितांना तर आता त्यापासून दूर राहणे शक्य नव्हते. त्याच महिन्यात त्यांनी आपण मठापासून स्वतंत्र असल्याचे वर्तमानपत्रांतून जाहीर केले. दुसऱ्यांदा माहेर सुटावे, तसेच ते होते. आणि सप्टेंबरात त्या आपल्या भागाकडे निघाल्या.

नागपूरचा प्रसंग आता या उजेडात पाहा. दिवस दसऱ्याचा. मॉरिस कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी क्रिकेटच्या सामन्याची बक्षिसे वाटण्यासाठी निवेदितांना बोलावले. पाहुणी गोरी बाई, खेळ गोऱ्यांचा, म्हणजे जुळणी उत्तम, असा हिशेब असावा. निवेदिता उभ्या राहिल्या आणि त्यांनी विद्यार्थ्यांना कडक शब्दांत विचारले, आज शस्त्रपूजेचा दिवस, हे शहर भोसल्यांच्या राजधानीचे, आणि आज तुम्ही परक्यांच्या खेळाची बक्षिसे घ्यायला बसलात? तुमच्या तलवारी, तुमची कुस्ती, तुमचे लाठीचे हात कुठे आहेत? मग विद्यार्थ्यांनी खटपट करून देशी मर्दानी खेळ त्यांना करून दाखवले, तेव्हा कुठे त्यांचे समाधान झाले.

हा प्रसंग आपल्याकडे कौतुकाने सांगतात, आणि बाईंचा हिंदू सणांचा अभ्यास किती, असे म्हणून थांबतात. क्रिकेटविषयी त्यांच्याशी वाद घालता येईल; त्याच खेळात पुढे आपल्या पोरांनी साहेबाला त्याच्याच मैदानावर हरवले, हेही देशी मर्दानीच म्हणायचे! पण त्यांच्या प्रश्नाचे मूळ क्रिकेटमध्ये नव्हते. तिसरे रघूजी भोसले 1853 च्या डिसेंबरात निपुत्रिक वारले, 1854 मध्ये डलहौसीने राज्य खालसा केले, सीताबर्डीवर भोसल्यांचे हत्ती, घोडे, बैल मातीमोलाने लिलावात गेले, आणि राण्यांचे जडजवाहीर विक्रीसाठी कलकत्त्याला गेले. 1902 साली ही गोष्ट पन्नास वर्षांचीही जुनी नव्हती. तो लिलाव डोळ्यांनी पाहिलेली माणसे नागपुरात हिंडतफिरत होती. त्यांच्या नातवांना मात्र दसरा म्हणजे सुट्टी, आणि सुट्टी म्हणजे सामना. हे ज्या बाईच्या नजरेत भरले ती डंगॅननची होती. ज्या गावात जळालेल्या किल्ल्याच्या टेकडीखाली जिंकणाऱ्यांची पेठ भरते, आणि दोनतीन पिढ्यांनंतर त्या टेकडीकडे मान वर करून कोणी पाहत नाही, त्या गावची. ओनीलने आपला किल्ला जाळला त्याला त्या वर्षी बरोबर तीनशे वर्षे झाली होती. बोलताना त्यांना ते आठवले की नाही, हा प्रश्न गौण आहे. पाहण्याची सवय आठवणीवर अवलंबून नसते. शिवाय विसर पडल्याचा फायदा ज्यांना मिळतो त्यांच्यातच त्या जन्मल्या होत्या. विसर कसा पाडतात हे त्यांना आतून ठाऊक होते. हरलेल्यांच्या घरातील मुलीने कदाचित नुसता शोक केला असता. यांनी उलट तपासणी केली.

नागपूरहून त्या वर्ध्यास आल्या, तेथून अमरावतीस. त्या पाहुणीनंतर चौतीस वर्षांनी, 1936 मध्ये, अशीच आणखी एक परदेशी बाई आपल्या शेगाव खेड्यात झोपडी बांधून राहिली, हे या सभेतील सर्वांना माहीत आहे. मीराबेन, म्हणजे मॅडेलिन स्लेड, यांचे वडील इंग्रजी आरमारातील ॲडमिरल. हिंदी महासागरातील आरमाराचे प्रमुख म्हणून ते मुंबईस होते तेव्हा ही मुलगी तेथल्या साहेबी मेजवान्यांतून वावरली होती. त्या घरात स्वराज्यवाला आजोबा कोणी नव्हता. मीराबेनना हिंदुस्थानाकडे आणले ते रोमाँ रोलाँ यांच्या गांधींवरील पुस्तकाने. तेव्हा घराणे सर्व काही ठरवते असा उलटा सिद्धान्त मी मांडतो आहे, असे कृपा करून कोणी समजू नये. मीराबेनना सगळेच नव्याने जोडावे लागले. निवेदितांना घरात असलेलेच पण पाहिले न गेलेले उचलावे लागले. दोन्ही कामे अवघड. एवढे मात्र दोन्ही घरांत सारखे, की आईबापांनी मुलीची वाट अडवली नाही.

1909 च्या जानेवारीत मेरी नोबल यॉर्कशायरमध्ये मृत्युशय्येवर होत्या. निवेदिता त्या वेळी युरोपात होत्या. त्या आईजवळ पोचल्या आणि अखेरपर्यंत बसून राहिल्या. त्यानंतर निवेदितांचेही आयुष्य फारसे उरले नव्हते. बसू पतिपत्नींबरोबर त्या दार्जिलिंगला गेल्या असता 1911 च्या 13 ऑक्टोबरला, चव्वेचाळिसावे वर्ष पुरे होण्याआधी, त्यांचे निधन झाले. दहन दार्जिलिंगला, हिंदू रीतीने झाले. अस्थींचा थोडा अंश मात्र पुढे इंग्लंडला नेण्यात आला आणि डेव्हनमधील ग्रेट टॉरिंग्टनच्या दफनभूमीत, कापडाचा धंदा मोडून धर्मोपदेशक झालेले सॅम्युएल नोबल जेथे निजले आहेत, तेथे कुटुंबाच्या जागेत ठेवण्यात आला. त्या गावाने 2023 साली त्यांचा पुतळाही उभारला आहे.